दिवाळीपर्यंतची पोर

१२ जून १९८८, जळगाव

पोचलो. पॅसेंजरला जागा नव्हती, पायांचे खांब झाले. संगीता ट्रंकेवर बसून होती. दोंडाईच्यापासून इथपर्यंत पोरीनं तोंड उघडलं ते एकदाच, अमळनेरला. "आत्या, पानी पिऊ का?" तांब्या तिच्याच मांडीवर होता.

बापू माझा सख्खा धाकटा भाऊ. फलाटावर म्हणाला, "दिवाईलगून ठेव. दिवाईले मी येसू न लई जासू." भांडं उसनं देतात तशी पोटची पोर दिली.

चुलतभावाकडच्या लग्नाला गेले होते. सगळं घर मांडवात, ही कुठं दिसेना. तिच्या आईला, शोभाला विचारलं तर म्हणे झोपलीय. मागची खोली उघडली. खाटेच्या पायाला लुगड्याच्या चिंधीनं बांधलेली. ओठ सुकलेले. खोलीत मिरच्यांच्या धुराचा वास. मी तिथं शब्द काढला नाही. काढला असता तर पोर हाती लागली नसती. म्हटलं, खानावळीत हाताखाली कोणी नाही, देता का हिला थोडे महिने.

पाठीवर डाग आहेत. शोभा म्हणाली पोटफुगी झाली होती, डाग दिला. आमच्याकडं देतात. मलाही लहानपणी दिलाय, विळा तापवून, पोटावर खूण आहे अजून.

हे स्टँडवरून आले. तिच्याकडं बघितलं, म्हणाले, "हं." दिवसभर माईकवर गाड्या पुकारतात, घरी येईतो शब्द संपलेले असतात.

१३ जून

ताट पुढं ठेवलं तर जेवेना, माझ्याकडं बघत राहिली. जेव म्हटलं तेव्हा जेवली. परत वाढलं, परत बघितलं. परत जेव म्हटलं. असं प्रत्येक घासाला म्हणावं लागणार का?

नाव लांब आहे, यापुढे सं. लिहीन.

१६ जून

गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी तपासलं, मग सं.ला बाहेर बसवून मला आत बोलावलं. मी आपलं सांगितलं, डाग दिलेत, पोटफुगीचे. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडं पोटदुखीला डाग कुठं देतात?" म्हटलं, पोटावर. "मग हे पाठीवर कसे? मांडीच्या मागं कसे? आणि हे एका दिवसाचे नाहीत. एक जुना, एक या उन्हाळ्यातला."

घरी आले, कणीक मळायला घेतली आणि परातीतच रडले. चार दिवस पोरीला न्हाऊ घालतेय मी. डाग म्हटलं की आपल्याला विचारावंसं वाटतच नाही.

भाकऱ्या थापायला येते ती कौसाबाईपण म्हणाली, "अक्का, मला वाटलं औषधाचेच."

२० जून

पांढऱ्या पायाची. हे कारण. ही जन्मली त्या वर्षी बापूनं मिरचीचा धंदा घातला होता तो बुडाला, परत दुसऱ्याच्या गोदामात कामाला लागावं लागलं. बस्स. आता बापू गोदामात माल भिजला की घरी येऊन हिला मारतो. शोभा उपाशी ठेवते, म्हणजे पीडा उतरते म्हणे. मागच्या वर्षी मुलगा झाला, त्याला ताप आला की हिला कोंडून शेगडीत मिरच्या टाकायच्या.

हे सगळं एका बैठकीत नाही कळलं. धुतलेल्या चादरींच्या घड्या घालताना एक वाक्य, शेंगा फोडताना एक. सांगते तेव्हा दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगितल्यासारखं सांगते.

बापूला मी कडेवर खेळवलंय. विश्वास बसू नये असं वाटतं, आणि बसतो.

४ जुलै

कॉलेजं उघडली. पोरं आली, खानावळ भरली. आमटीला मिरचीची फोडणी दिली, खकाणा उठला, पोरं ठसकली, हसली. सं. कुठं नाही. संडासात कडी लावून बसलेली. कौसाबाई दारातून बोलत राहिली तेव्हा उघडलं.

५ जुलै

फोडणीत मिरची नाही. वरून तिखट टाकायचं. ठरलं.

९ जुलै

पोरांचं बंड. "अक्का, ही शेवभाजी आहे का शेवेची खीर?" "अक्का, आमच्या साक्रीला आजाऱ्याला असं देतात." म्हटलं, माझ्या हाताला डॉक्टरांनी मिरची मना केली आहे. यांनी ताटावरून मान वर न करता सांगितलं, "खान्देशात फिकी खानावळ काढणारी तू पहिलीच." पूर्ण वाक्य! या महिन्यातलं पहिलं.

दोन गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत, त्यांच्या पोटाला दुसरीकडं थंडावा मिळो.

१५ जुलै

शाळेत बसवलं, तिसरीत. मोठ्या बाई ओळखीच्या, दाखला नंतर आणा म्हणाल्या. वेण्या घातल्या, लाल रिबिनी. जाताना आरशात बघितलं नाही, रिबिनी हातानं चाचपून बघितल्या.

मी दारात उभी राहून ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत होते. कढईतलं पिठलं लागलं. लागू दे.

२८ जुलै

तिच्या गादीखाली भाकरीचे तुकडे, केळं काळं पडलेलं, गुळाचा खडा, मुंग्यांची जत्रा. ओरडले नाही. झाकणाचा डबा दिला, म्हटलं, यात ठेव, हा तुझा, मी विचारल्याशिवाय हात लावणार नाही. रोज भरते. मी मुंग्या झाडते.

८ ऑगस्ट

आज सं. खोटं बोलली!! शेंगदाण्याचे लाडू संपले. कुणी खाल्ले? "मांजरानं." आमच्या गल्लीत मांजर नाही. मी म्हटलं, मांजर फार हुशार, डब्याचं झाकण लावून गेलं. तर हसली. दात दिसतील एवढी हसली.

यांना सांगितलं. हे लाडू घेऊन आले बाजारातून, बोलले नाहीत, डब्यात ओतले.

किती बरं वाटलं ते लिहायला शब्द नाहीत. पोर चोरी करून खोटं बोलली म्हणून मी देवाला साखर ठेवली.

२१ ऑगस्ट, नशिराबाद

कानबाईच्या सणाला आलो, माझ्या सासरी. मोठी जाऊ नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढत होती. आमची रीत अशी की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. मोठे दीर झाले, पुतणे झाले, यांची मूठ झाली. जाऊबाई सूप उचलायला लागल्या तर हे म्हणाले, "आणखी एक."

"कोनं?"

"संगीताचं."

"पोरीसनं घेतस नही भाऊजी."

"मग माझंच दुसऱ्यांदा धरा. मी जाडा झालोय."

सगळे हसले आणि जाऊबाईंनी मूठ घेतली. पण दळताना मी ऐकलं, पुटपुटत होत्या, "... संगीतानं." घ्यायचीच होती तर नाव घेऊनच घेतली बाईनं.

वीस वर्षं झाली लग्नाला. आज यांच्यावर पहिल्यांदा जीव जडला असं लिहिलं तर खोटं होईल. पण दुसऱ्यांदा जडला हे खरं.

२२ ऑगस्ट

कानबाई वाजतगाजत निघाली. सं. पुतण्यांबरोबर फुगडी खेळली, पडली, गुडघा फुटला. रडत माझ्याकडं आली. पडल्यावर माझ्याकडं आली!

रोट घरच्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे. दूध घालून वाटीभर खाल्लं तिनं. कुणाकडं न बघता.

२७ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. बापूला राखी पाठवायची नाही असं ठरवलं होतं. मागच्या आठवड्यात पाकिटात घातली, काढली, घातली. शेवटी टाकली पेटीत. नाही पाठवली तर विचारेल का नाही, आणि घ्यायला येईल. आईबाप नाहीत, तो एकच. त्याच्या मनगटावर माझा धागा आहे या विचारानं आज दिवसभर जेवण गेलं नाही.

१९ सप्टेंबर

शाळेत गणपतीचं गाणं बसवलंय. सं. मागच्या रांगेत. आवाज यांच्यावर गेलाय असं म्हणायची सोय नाही, रक्ताचं नातं नाही, पण दणदणीत आहे. गाणं पाठ करते तर स्टँडवर ऐकू जाईल. हे म्हणाले, "माझी जागा हिला द्या."

दिवसातून एकदा हल्ली एक वाक्य बोलतात. सांभाळून ऐकायला हवं.

३ ऑक्टोबर

वाण्याच्या दुकानात फोन आला, बापूचा. वाण्याचं पोरगं बोलवायला आलं तेव्हाच समजले.

"अक्का, भाऊबीजले येस मी. आबा बी येतीन. संगीले लई जासू."

म्हटलं, शाळा चालू आहे. म्हणाला, "इठे शाळा नही का?" म्हटलं, राहू दे रे वर्षभर. तर म्हणाला, "लोके काय म्हनतीन? बापले पोर पोसाले जमत नही?"

लोक. पोरीच्या पाठीवर डाग देताना लोक नव्हते.

सं.ला सांगितलं नाही. पण तिनं माझं तोंड बघितलं आणि संध्याकाळी डबा भरायला लागली. खाणं नाही, रिबिनी, पेन्सिल, फ्रॉक.

५ ऑक्टोबर

वकिलाकडं गेलो. हेपण आले, रजा टाकून. वकील भला माणूस. म्हणाले, कोर्टात जाता येईल, डॉक्टरीणबाईंची साक्ष लागेल, वेळ लागेल. तोवर पोर बापाकडं राहायची शक्यता आहे. आईबाप जिवंत आहेत. "त्यांनी स्वतः कबूल होऊन लिहून दिलं तर सगळं सोपं."

घरी येताना हे चालत होते पुढं पुढं. कोपऱ्यावर थांबले. म्हणाले, "द्यायची नाही."

एवढंच. पण मला पूर्ण भाषणासारखं वाटलं.

१२ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, भाऊबीजेला मला बोलवा. मी तुमच्या आबांसमोर सगळं सांगते, कुठं काय आहे ते.

आबा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, भाऊकीत त्यांचा शब्द शेवटचा. दोंडाईच्याला अजून लोक वाद घेऊन त्यांच्या ओट्यावर येतात.

विचार करते म्हटलं.

२१ ऑक्टोबर

शाळेतून आली, म्हणाली, "आत्या, बठ्ठी पोरी ठेचा आनतस डब्यात. मन्हाच डब्बा फिका." आणि स्वतः चुलीपाशी बसली. मी हिरव्या मिरच्या तव्यावर टाकल्या, थोड्याच, दार खिडक्या उघड्या ठेवून. सं. उठून दारात उभी. एक पाय बाहेर. ठसका लागला तिला, डोळ्यांत पाणी आलं, पण पळाली नाही. वरवंटा मीच धरला. ती म्हणाली, मीठ कमी शे.

पोरांना ठेचा वाढला. आरडाओरडा, टाळ्या. "अक्कांचा हात बरा झाला!"

आज मी सुखी आहे, तारीख टाकून लिहिते.

३० ऑक्टोबर

ठरेना. डॉक्टरीणबाईंना बोलावून भाऊकीसमोर सगळं मांडलं तर बापू पेटेल. लहानपणापासून तसाच. चारचौघात चूक दाखवली की पाय आपटत उलटं करायचा. आबा काय म्हणतील? लेकरू आईबापाचं, थोडं मारतात, सगळेच मारतात. पोर उचलून घेऊन जाईल आणि तिथं मागच्या खोलीत मी काय बोलले त्याचा हिशेब तिच्या पाठीवर.

मग काय करू?

२ नोव्हेंबर

निरांजनं घासत होते. सुचलं.

भाऊबीजेला बहीण मागेल ते भावानं द्यायचं. चारचौघांत, ताटात. आबांसमोर. नाही म्हटलं तर नाक कापलं जाईल त्याचं, आणि लोक काय म्हणतील यावर तर त्याचा जीव. गुळानं मरतो त्याला विष कशाला?

यांना सांगितलं. ऐकून म्हणाले, "आणि डाग?"

म्हटलं, आधी पोर ठेवून घेऊ. डाग कुठं जातात.

डॉक्टरीणबाईंना निरोप दिला, येऊ नका. त्यांना आवडलं नाही.

९ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. पोरं सगळी गावी गेलेली, खानावळ रिकामी, खूप वर्षांनी फक्त घरच्यांसाठी रांधलं. सं.नं अंगणात पणत्या लावल्या. नवा फ्रॉक, पिवळा. हे तिला फुलबाज्या पेटवून देत होते, हात लांब धरून, स्वतः घाबरलेले.

तिनं विचारलं, "परवा येतीन ना?" म्हटलं, येतील. "मी जावाले नही." म्हटलं, नाही जायचं. इतकं ठामपणे म्हटलं की मलाच खरं वाटलं.

११ नोव्हेंबर

झालं. सगळं लिहिते, उद्या वेगळं आठवेल.

बापू, आबा आणि दोन चुलतभाऊ, बाराच्या गाडीनं. शोभा आली नाही, बाळाला सर्दी. सं. स्वयंपाकघरात कौसाबाईजवळ. पाट मांडले, पुरणपोळी, खीर, भजी. आबांनी चार पोळ्या खाल्ल्या आणि तब्येत बरी नाही म्हणाले.

मग ओवाळलं. बापूच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. त्यानं ताटात साडी ठेवली, जांभळी, भारी. मी साडी उचलून बाजूला ठेवली.

"बापू, हे नको. मी मागते ते दे."

"माग ना अक्का."

"संगीता दे. कायमची. मला मूलबाळ नाही."

मला वाटलं होतं गप्प होईल. आबांकडं बघेल. रागावेल. मी त्याची सगळी तयारी करून बसले होते, बोलायचं काय ते पाठ केलं होतं.

तो हसला. "इतलंच? दिनी. जा, दिनी तुले."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं.

आबांनी मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! असा भाऊ जोयजे! पोटनी पोर दिनी बहीनले!" चुलतभाऊ म्हणाले असं कुणी देत नाही, साडी देतात, पैसे देतात. आबांचे डोळे भरून आले. बापूनं मान खाली घातली, लाजल्यासारखी. म्हणाला, अक्काला मूल नाही याचं दुःख मला दिसत होतं ना आबा, किती वर्षं. मग त्यानं आणखी एक पोळी मागितली आणि मी तूप घालून वाढली.

आणि मी हसले. तोंड भरून हसले. मिळालं होतं ना मला.

हे उठून हात धुवायला गेले ते बाहेरच राहिले.

निघताना आबा म्हणाले, गावात सांगेन, काय मनाचा माणूस आहे. बापूनं सं.ला हाक मारली, पाया पडायला. पडली. त्यानं डोक्यावर हात ठेवला. ती दगडासारखी उभी.

वकिलानं सांगितलेलं लिहून द्यायचं राहिलंच. विचारलं तेव्हा बापू म्हणाला, "बहीन-भाऊमा कागद?" आबा म्हणाले, बरोबर शे.

पण मिळाली. मिळाली. दिवाळी झाली आणि पोर घरात आहे.

१२ नोव्हेंबर

वकिलांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, तोंडी ओवाळणीला कोर्टात किंमत नाही, उद्या परत मागेल. मी म्हटलं, भाऊबीजेचं परत नाही मागत आमच्यात कुणी. म्हणाले, मग देवाच्या भरवशावर.

सं. बोलत नाही. सकाळपासून भांडी घासतेय, तिचं काम नसताना. "काय झालं ग?" काही नाही. "आता कायमची आमची ना तू?" मान हलवली. हो म्हणून हलवली. तोंड मात्र हो म्हटल्यासारखं नव्हतं.

हेपण बोलत नाहीत, पण यांचं नेहमीचं. वेगळं आहे का ते कसं कळणार.

१३ नोव्हेंबर

आज कळलं.

सकाळी मी म्हटलं, चल, जांभळी साडी कापून तुला परकर-पोलकं शिवू. तर साडी हिसकून फेकली अंगणात. सं.नं! शाळेत शिकलेली भाषा होती तेवढीही गेली, सगळी दोंडाईच्याची आली.

"बठ्ठा त्यासले चांगला म्हनी ऱ्हायंतात. आबा रडनात. तू बी हासनी. तू पोयी वाढी!"

म्हटलं, अगं, तुला ठेवून घ्यायचं होतं म्हणून...

"तू सांगं का नही? त्यासनी काय करं ते? तू कोनलेच सांगं नही!"

मग थांबली. हळू म्हणाली, "त्यासनी लगेच दिनी. इचार बी करा नही."

कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन बसली. दार लोटून, कडी न लावता.

डाग, धुरी, चिंधी, सगळं केलं त्या माणसानं, आणि पोरीला वाटतं क्षणभर तरी थांबायला हवं होतं त्यानं. मला वाटलं नव्हतं ती स्वयंपाकघरातून ऐकत असेल. ऐकणारच. तिच्याबद्दल चाललं होतं.

खरं तेही लिहिते. मला पोर मिळाली आणि बापूला नाव मिळालं. आबा आतापर्यंत ओट्यावर सांगत असतील, गावभर. पोरीच्या पाठीवरचं सगळं मी त्या पुरणपोळीखाली झाकलं. डॉक्टरीणबाई यायला तयार होत्या. मीच नको म्हटलं. मला तेव्हा फक्त ती हवी होती, आणि अजूनही फक्त तीच हवी आहे.

पुढच्या रविवारी आबांच्या नातीचा साखरपुडा आहे दोंडाईच्याला. सगळी भाऊकी जमेल. निमंत्रण आबा तोंडीच देऊन गेलेत, "त्या पोरीले बी आन."

यांना म्हटलं, सांगितलं तर परत घेईल तो. हे म्हणाले, "घेईल." थोड्या वेळानं म्हणाले, "आणि नाही सांगितलं तर?" आणि सायकल काढून ड्यूटीवर गेले. प्रश्न विचारून जायचं यांना बरं जमतं.

दुपारी ताट नेलं. वरण-भात, तिच्या आवडीचा ठेचा. नको म्हणाली. नको! पाच महिन्यांत पहिल्यांदा जेवायला नको म्हणाली. रुसून. मी ताट दारात ठेवलं, झाकून. मीपण जेवले नाही. कौसाबाई म्हणते, एकाच माळेचे मणी दोघी, बघू कोण आधी हरतं.

तीन वाजता दार किलकिलं झालं.

"आत्या, तू बी जेवनी नही?"

"नाही."

"मी जेवस. पन तू रविवारले आबासले सांगशी ना? बठ्ठासमोर?"

"जेव आधी, बाळा."

"आधी सांग."

ताट दोघींच्या मधे आहे. भात गार झाला. मी इथं दारातच बसून लिहितेय आणि ती माझ्याकडं बघतेय.